चेंबरमधली उघाडी

जगनने मोटारसायकलच्या इंजिनच्या तळाचा चेंबर सोडवला आणि पाटावर ठेवला. आत तेल पुरेसं होतं. तरीही इंजिन जाम झालं होतं. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा.

"हरेश, तुझ्या गाडीला माझ्या गॅरेजचा लळा लागलाय," तो म्हणाला.

हरेश दाराशी उभा होता. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी. तो रोज पहाटे पाचला पेणजवळच्या आपल्या गावातून निघायचा आणि नागोठण्यावरून रोह्याच्या कंपनीत सातच्या शिफ्टला पोचायचा. पहिली एसटी धरली तर गेटवर साडेसात वाजत. गाडी एकोणनव्वद सालची. त्याच्याकडे आली तेव्हाच सात वर्षांची होती. काल भिसे खिंडीच्या चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागीच अडकलं आणि तो रस्त्यावर फेकला गेला. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला.

"सुपरवायझर बोलला, सोमवारी टायमात आलास तर ठीक," हरेश म्हणाला. "नायतर कंत्राटातून नाव काढतो. आज शनिवार."

"या खेपेला सुटे भाग हाताशी आहेत, उद्या रात्रीपर्यंत गाडी चालू करतो. पण सोमवारी चढावर काय होईल, ते मला विचारू नको."

स्टुलावर हरेशचा बाप बसला होता. जनू. साठी उलटलेली, पायांच्या भेगांत खाडीचा चिखल कायमचा बसलेला. गाडी टेम्पोतून उतरवायला तो तिन्ही वेळा आला होता. उतरवून झालं की स्टुलावर बसायचा. त्याला कोणी काही विचारत नसे आणि तोही बोलत नसे.

पहिल्या वेळी जगनने तेल कमी पडलं असं सांगितलं होतं. हरेश बारा दिवस घरी राहिला. दुसऱ्या वेळी तेल भरलेलं होतं, म्हणून जगनने मुंबईहून एक प्लेट मागवली आणि गाडी न्यायला आलेल्या बापलेकांसमोर चेंबरमध्ये बसवली. तेव्हा नऊ दिवस गेले. ते सगळे दिवस हरेशने बापाबरोबर बांधावर चिखल भरण्यात घालवले. खाडीच्या बांधाआड त्यांचं दोन एकर भाताचं शेत होतं.

जगनने चेंबरमध्ये थोडं तेल ओतलं. "इकडे ये, बघ. सपाटीवर तेल इथं असतं, पंपाच्या जाळीपाशी. पंप ते ओढतो आणि वर पाठवतो. आता चढ लागला." त्याने चेंबरची पुढची बाजू उचलली. तेल हळूहळू मागं सरकलं. जाळी उघडी पडली. "पंप नुसती हवा ओढतो. वर पिस्टन कोरडा."

"म्हणून तर ती प्लेट लावलीस ना?"

"लावली. जाळीभोवती भिंत आली. तेल आत यायला भिंतीला दोन भोकं आहेत. पण ज्या भोकातून आत येतं, त्याच भोकातून पळून जातं. भोकं बुजवली तर आत येणारच नाय." जगनने चेंबर खाली ठेवला आणि मनगटाने कपाळ पुसलं. "मी दमलो, हरेश. तू ही गाडी विक."

सोमवारपर्यंत दुसरी गाडी कुठून येणार, हे तिघांनाही माहीत होतं.

"भोकाला फळी टांग," जनू म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"उघाडीला असते तशी," तो म्हणाला.

"कसली उघाडी, काका?"

जनू गुडघ्यावर हात टेकून उठला. पाटावर सांडलेल्या तेलात त्याने बोटाने रेघ ओढली. "ह्यो बांध. ह्याच्या खालून पान्याला वाट असते. तिच्या तोंडाला फळी, वरून टांगलेली. शेतातलं पानी भायेर जाया लागलं, का फळी उघडते. भरती आली, का खाडीचंच पानी फळीला दाबतं नि वाट बंद. तिथं कोन मानूस उभा नसतो. पानीच उघडतं नि पानीच लावतं." त्याने प्लेटच्या भोकावर बोट ठेवलं. "फळी आतल्या अंगाला टांग. तेल आत येऊ दे, भायेर जाऊ देऊ नको."

जगनने पितळी पत्र्याचे नखाएवढे दोन तुकडे कापले आणि बारीक तारेवर भोकांच्या आतून टांगले. तेल ओतलं. चेंबर उचलला. पत्रे भिंतीला चिकटले आणि तेल जाळीभोवती जागच्या जागी राहिलं. चेंबर सपाट केला. पत्रे हलले आणि मागं राहिलेलं तेल आत आलं. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हरेश त्याच्याशेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याचे खांदे कालपासून पहिल्यांदाच सैल पडले.

"सोमवारी जा खुशाल," जगन म्हणाला. मग जनूकडे वळला. "काका, मुंबईवाल्याला हे सुचलं नाय! पण मागल्या खेपेला मी ही प्लेट तुमच्या डोळ्यांदेखत बसवली की. तेव्हा नाय सुचलं?"

जनूने तेलाची बोटं पंच्याला पुसली. एकेक करून, सावकाश. त्याची नजर पोराच्या पट्टीवर गेली आणि लगेच खाली वळली.

"तवाच सुचलं व्हतं," तो म्हणाला. "पन गाडी बंद असली, म्हंजे ह्यो बांधावर येतो."