डोंगर आणि ढग

"हा उच्चार ढग झाला. मला डोंगर हवाय," फोनवरून खुलान म्हणाली. "जीभ मागे घ्या, जरा घशातून."

"ऊल," हेमा पुन्हा म्हणाली.

"ल नुसता नाही. जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडा."

आखातातल्या त्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हेमाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दिवसभर ऑफिस, मग रिफाहून इथवरचा ट्रॅफिक. अंगात त्राण नव्हतं.

खुलान उलानबातरहून हेमाला मंगोलियन शिकवायची, इंग्रजीतून. तिची बहीण सारुल वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. सारुल हेमाच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या ऑफिसात कामाला. त्या संध्याकाळी तो तिला घरी सोडायला निघाला आणि हमद टाउनच्या राउंडअबाउटला गाडी आदळली. त्याचा हात मोडला, तिच्या डोक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, जवळ बसून तिच्या भाषेत कुणीतरी बोला. आईला व्हिसा मिळेना, फोनवर तर तिला नुसतं रडू फुटायचं. शेवटी हेमानेच मनावर घेतलं. आपल्या नवऱ्याच्या गाडीत झालं, निस्तरायला आपणच हवं.

"आमच्या स्वरांची दोन घराणी," खुलान सांगत होती. "एका शब्दात दोन्ही नांदत नाहीत."

शेजारी शैलेंद्र प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसला होता. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा, तेही हेमाने बळेच आणलं म्हणून.

"मी खालीच थांबतो," तो म्हणाला.

"चल रे. तुझी काही चूक नव्हती."

वर नर्स लाईबा दारातच भेटली. "दीदी, आज पलकें हिल रही थीं."

हेमाने सारुलचा हात हातात घेतला.

"सेरेरे," ती म्हणाली. जागी हो. सगळे स्वर एकाच घराण्यातले, खुलानने घोटून घेतलेले. "सेरेरे, सारुल."

पापण्या थरथरल्या आणि हळूहळू उघडल्या. हेमाचा सगळा शीण डोळ्यांत उतरला.

"शैलेंद्र, आत ये ना! बघ!"

तो दारातच खिळला होता. सारुलची नजर हेमावरून सरकत त्याच्यापाशी थांबली. ओठ हलले. हेमाने कान जवळ नेला.

"अहो," सारुल स्वच्छ मराठीत म्हणाली, "फार लागलं का तुम्हाला?"