स्केल्बी रोडवरची राखलेली जागा

माझ्या नव्या दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हेस्टर पॉलिट स्केल्बी रोडच्या कडेला पोचली, तेव्हा तिथे रांग लागलेली होती.

नोव्हेंबरातली दुपार. आमच्या यॉर्कशायरात त्या दिवसांत चार वाजले की सूर्य दुकान बंद करतो. धुकं पार गुडघ्यापर्यंत उतरलेलं. हेस्टर पालिकेत रस्त्यांचं काम बघायची. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी सिग्नल कुठे बसवायचा, हे ठरवायचं काम तिच्याकडे होतं. तिला तो इथेच हवा होता. रस्त्यापलीकडे मोठी शाळा होती, आणि येत्या सप्टेंबरपासून तिची मुलगी ब्रायनी तिथे सायकलने जाणार होती. दुसरी वाट नव्हती.

पण तिचे साहेब, एन्टविसल, ऐकायला तयार नव्हते. नियमच तसा. जिथून माणसं रस्ता ओलांडतात तिथेच सिग्नल. आणि इथून कोणी ओलांडत नव्हतं, कारण ट्रक अंगावर येत होते. विहिरीत किती पडले ते मोजून मग कठडा बांधणारी जात ही.

"तिथे काळं कुत्रं फिरकत नाही, हेस्टर," साहेब म्हणाले होते. "दिवे काय वाऱ्यासाठी लावू?"

आणि इथे तर ही एवढी रांग. टोपीवाला म्हातारा, त्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा, पट्ट्याला कुत्रं नाही. सायकल धरून उभा असलेला पोस्टमन. रुमाल बांधलेल्या दोघी बायका. सगळे एकामागे एक, मधे अदबीचं अंतर सोडून. एक ट्रक धडाडत गेला. हेस्टरचा कोट फडफडला, रांगेतल्या कुणाची बाहीसुद्धा हलली नाही. हेस्टरच्या तोंडातून थंडीने वाफ निघत होती. त्यांच्या निघत नव्हती.

ती आणखी जवळ गेली. शेवटच्या बाईच्या पुढे एका माणसापुरती जागा मोकळी होती. हेस्टरचा पाय आपसूक तिकडे वळला.

"तिथे नको, बाळ. ती जागा राखलेली आहे."

शेवटच्या बाईचा आवाज ओळखीचा होता. आयडा क्लेग. हातात गोल पाटी धरून शाळेच्या पोरांना रस्ता पार करून देणारी आयडा. लहानपणी हेस्टरला हिनेच हात धरून पलीकडे नेलं होतं. आणि हेस्टर कॉलेजात असताना, एका संध्याकाळी, इथेच ती ट्रकखाली गेली होती.

हेस्टरने विचारलं, की तुम्ही सगळे पलीकडे का जात नाही?

आयडाला ते लागलं. दिवा नाही, कुणी वाट दिली नाही, मग असंच कसं घुसायचं? आम्ही काय रानटी आहोत? एकदा मी घाई केली, त्याचं काय झालं ते बघतेयस ना? मग ती जरा नरमली.

"तुझा तो साहेब ओलांडणारे मोजतो गं. उभे राहिलेले कोण मोजतंय?"

"आणि ही जागा? ही कुणाची?"

"पिवळ्या हेल्मेटवालीची. एका बाजूला सूर्यफूल आहे बघ."

ते हेल्मेट हेस्टरने परवाच घेतलं होतं, ब्रायनीच्या वाढदिवसासाठी. कपाटात चादरींच्या खाली, कागदात गुंडाळलेलं. ब्रायनीनेसुद्धा ते अजून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना ओढत तिथे आणलं. या वेळी रस्त्याकडेला चिटपाखरू नव्हतं. साहेब कुरकुरत होते, बूट ओले झाले, चहा राहिला, तुझं डोकं फिरलंय. बोलता बोलता ते एका जागी जाऊन थांबले. नीट, पुढे अदबीचं अंतर सोडून. घड्याळ बघितलं. टाचा उंचावून पुढे किती जण आहेत ते बघितलं, पोस्टात बघतात तसं.

"साहेब," हेस्टरने हळूच विचारलं, "तुम्ही कुणाच्या मागे उभे आहात?"

साहेबांनी पुढे पाहिलं. खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग सावकाश टोपी काढून हातात घेतली. परत जाताना गाडीत ते एवढंच म्हणाले, की बसवू सिग्नल.

आणि उन्हाळ्यात सिग्नल बसला. चहा झाला, केक कापला. कुणी बटण दाबायच्या आतच हिरवा दिवा लागला. त्या बटणाच्या खोक्याखाली आंधळ्यांसाठी एक बोटभर शंकू असतो, दिवा हिरवा झाला की तो गरगर फिरतो. हेस्टरने त्याच्यावर बोट ठेवलं. शंकू फिरतच राहिला. ट्रक खोळंबले, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. कितीतरी वेळाने बोटाखालचं फिरणं थांबलं, आणि त्या राखलेल्या जागेवर ऊन पडलं.

आता शपथेचे दात हलायला लागले, तेव्हा सांगून टाकते. यातली एक गोष्ट मी रचली. सिग्नल. तो बसलाच नाही. साहेब हो म्हणाले होते, पण त्यांच्या वरच्यांनी विचारलं, तिथून ओलांडतं कोण? ब्रायनी ओलांडते, रोज सकाळी, पिवळं हेल्मेट घालून, एकटी. हेस्टरने हात धरून न्यायचं म्हटलं, तर इकडे जागा रिकामी राहते, ब्रायनीची वाट बघत. म्हणून पोर पलीकडे पोचेपर्यंत हेस्टर त्या रांगेत उभी असते, आयडाच्या पुढे, राखलेल्या जागेत.