कुठल्या सालचा

मिस्त्रीने बॉनेटवरचा गाळ पत्र्याने खरवडला आणि मान हलवली. "यावरून काही सांगता येत नाही. बॉनेट म्हणजे टोपी. याची त्याला बसते."

बाई मुलाचा दंड धरून उभी होती. भिंतीच्या दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला होता आणि पाणी हटलं तसा बांधाखालच्या चिखलातून हा ट्रॅक्टर वर आला होता, नाक खाली, मागची मोठी चाकं आभाळाकडे. सकाळी क्रेनने तो सरळ केला. रंगाचा पत्ता नव्हता, नंबराची पाटी गंजून गळाली होती. सीटभोवतीच्या गाळात काही हाडं निघाली होती. ती ताडपत्रीखाली झाकून फौजदार शेजारी उभा होता.

"आधी ट्रॅक्टर कुणाचा ते ठरू दे," तो म्हणाला. "मग पुढचं."

बाईचा नवरा ट्रॅक्टर घेऊन घरातून निघाला तो परतलाच नाही, तेव्हा हा मुलगा रांगत होता. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची शिंपीणही दुकानाला कुलूप घालून कुठेशी निघून गेली. लोकांनी दोन्हीची एकच मोट बांधली आणि बाईने ती डोक्यावर घेतली. तक्रार केली नाही. पळून गेलेल्याला कोण शोधायला जातं? सासू तेवढी मरेपर्यंत घोकत राहिली, "माझा पोरगा तसला नाही." बाई तिच्यापुढे ताट आदळायची आणि म्हणायची, "तसला नाही, तर मग आहे कुठे? जा, घेऊन या."

"आमचा एवढा मोठा नव्हता," बाई आता म्हणाली.

"गाळाने फुगलाय, वहिनी," मिस्त्री म्हणाला. तो नवऱ्याच्या जुन्या ओळखीतला, आता दाढी पांढरी झालेला. "बिडाचं मात्र काही बिघडत नाही. इंजिनाचा ब्लॉक ओततानाच त्याच्यावर साल उठवलेलं असतं. ते बघू."

तो चाकाशी गुडघ्यावर बसला. इंजिनाच्या कुशीत हात घालून तारेच्या ब्रशने घासू लागला, मधेच डबड्यातलं पाणी ओतू लागला. काळ्या बिडावर हळूहळू अक्षरं उमटली. त्याने आधी त्यांवरून बोट फिरवलं, मग चष्मा लावून वाचलं.

"साल तुमच्या ट्रॅक्टरचंच आहे."

मुलाने आईकडे पाहिलं. बाईने त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

"त्या सालचे ट्रॅक्टर चिक्कार होते," ती म्हणाली. "ठेकेदाराकडे होता. विटभट्टीवर होता."

"होते. पण ते पेट्रोलवाले. कंपनी त्या साली दोन इंजिनं देत होती. डिझेलचं इंजिन महाग, म्हणून इकडे कुणी घेतलं नाही. डिझेलवाला एकच आला होता." त्याने वर पाहिलं. "गाडीतून मीच उतरवून घेतला होता. तुमच्या दारात."

"मग हा पेट्रोलचाच असेल."

मिस्त्रीने ब्रश उचलला. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. बाई त्याच्या हातांकडे बघत राहिली. पेट्रोलचा निघू दे, तिच्या मनात आलं, दुसऱ्या कुणाचा निघू दे. आजवर रोज सकाळी चूल पेटवताना ती त्या माणसाला शिव्या देत आली होती. शिव्या द्यायला का होईना, तो कुठेतरी जिवंत लागतो. म्हातारा झालेला, टक्कल पडलेला, त्या शिंपिणीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला. असला तरी चालेल.

चिखलाची ढेप निखळून पडली. आतून बारीक नळ्या दिसू लागल्या, एकीशेजारी एक, पंपाकडून वर गेलेल्या.

"प्लग नाहीत," मिस्त्री म्हणाला. "नोझल आहेत. डिझेल."

फौजदाराने टोपी काढली. मुलगा खाली मान घालून बुटाने चिखल उकरत राहिला. लहानपणापासून 'बाप' हा शब्द त्याने थुंकल्यासारखाच उच्चारला होता, आणि आता तोंडात काय आणावं ते त्याला सुचत नव्हतं.

"आई, चल," तो शेवटी म्हणाला. "गाडीत बस जरा."

बाईने त्याचा हात सोडला. चिखलात पाय रोवत ती ट्रॅक्टरपाशी गेली आणि इंजिनावर तळवा ठेवला. ते गार होतं.

"मिस्त्री, पाण्यात पडल्यावर हे किती वेळ चालतं?"

"इंजिन? हवेच्या वाटेने पाणी शिरलं की संपलं. जागच्या जागी बंद."

"लगेच?"

"लगेच."

"घुसमटत नाही?"

मिस्त्रीने हातातलं फडकं दोनदा उलटंसुलटं केलं. स्टीअरिंग वाकून पार सीटला टेकलं होतं, मधे बसलेल्याला सुटायला जागाच नव्हती. तो सरकला आणि ते बाईला दिसू नये असा मधे येऊन उभा राहिला.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "काही कळतसुद्धा नाही."

बाईने मान हलवली. त्याच्या मागे काय आहे ते तिने वाकून पाहिलं नाही.