चार बोटं जागा

बोरिवलीच्या आमच्या जुन्या दगडी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आण्णा दर पावसाळ्याआधी बांबूंवर झावळ्यांचा आडोसा बांधत. मध्ये चार बोटं जागा सोडत. "झोपडी वाटते गं," नंदूदादा कुरकुरायचा. आण्णा गेल्यावर त्याने खटपटीने सिमेंटचं परमिट मिळवून भिंतीला बाहेरून सिमेंट मारलं. दोन पावसाळे झाले, आतले पोपडे पडतच आहेत.

आज त्याने इंजिनियर आणला. भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला, "सिमेंटने ओल आत कोंडलीय. ते खरवडून चुना लावा. बाहेरून झावळ्यांचा आडोसा करा, मध्ये चार बोटं जागा सोडून. बांबू असतील ना घरात?"





"होते," मी म्हणाले. "'आता कशाला लागतात,' म्हणत दादानेच ते आण्णांच्या तिरडीला दिले."