वरच्या गावाची शाळा

भूगोल: आमचं सेर्बियाक गाव टेकडीवर, लांबोन गाव पायथ्याशी, दोन्हींतून वाहणारा एकच ओढा. इतिहास: वरचे ओढ्यात कपडे धूत, खालचे तेच पाणी पीत. एवढ्यावर वरच्यांनी पिढ्यानपिढ्या मिशांना पीळ दिला. नागरिकशास्त्र: दोन्ही गावांनी मिळून एक शाळा चालवावी, नाहीतर दोन्हीकडच्या शाळा बंद, असं सरकारने कळवलं. मी इथली शिक्षिका, सभेत विनवलं, "पोरांचा तरी विचार करा." महापौर बूस्के हसले. "बाई, जे आमच्या धुण्याचं पाणी प्यायले, त्यांच्या पोरांशेजारी आमची बसवायची?" "शी!" ओदेतआजी खेकसल्या. त्यांचीच नात माझ्या वर्गात. सगळे हात विरोधात वर गेले. पोरं आता तासभर बसने शहरात जातात, लांबोनच्याच पोरांना चिकटून. परवा महापौर बंद शाळेची किल्ली मागायला आले. "रिकाम्या वर्गात गावाच्या इतिहासाचं संग्रहालय करू. फलक तुम्हीच लिहा." "लिहिते की," मी म्हटलं, "वाचणार कोण?"