चवीची चकती

तापात गेलेली कुंदाची चव तीन वर्षांत परतली नव्हती. आज डॉक्टरांनी तिच्या जिभेवर प्लॅटिनमची इवलीशी चकती बसवली. आंबट-खारट काही लागलं की त्या धातूवर रासायनिक क्रिया होऊन वीज उमटायची आणि मेंदूला चव कळायची.

घरी येताच तिने सकाळी केलेल्या सोलकढीचा घोट घेतला. आमसुलांचा आंबटपणा जिभेवर झणकन पसरला, तसे तिचे डोळे भरून आले. मग तिने तोंड वाकडं केलं.

"अहो, हिच्यात मीठच नाही! आणि तुम्ही रोज मागून मागून प्यायचात?"

"नाहीतर तू स्वयंपाकच सोडला असतास," सदानंद म्हणाला.

कुंदा ठसका लागेपर्यंत हसली. मग दोघांनी मीठ घालून ती पातेलीभर सोलकढी जेवणाआधीच संपवली.