खिडकीतला आकडा

माझी सतरा स्त्रीबीजं निघाली. हे मी सांगितलंच नाही असं समजा, कारण डॉक्टरीणबाई अकरावरच थांबल्या होत्या.

टेस्ट ट्यूब बाळासाठीची ही आमची तिसरी आणि शेवटची खेप. भूल माझ्यावर जेमतेम चढली होती. बाई सुईने बीज ओढायच्या, नळी छोट्या खिडकीतून लॅबमध्ये जायची आणि आतली ताई आकडा ओरडायची. अकरानंतर बाईंनी सुई ठेवून दिली.

"बारा," आतून आवाज आला. माझ्या पोटात चिमटा बसला.

"अगं, मी काही दिलंच नाही!" डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळून म्हणाल्या.

"तेरा." पुन्हा चिमटा.

तेवढ्यात दार उघडून लॅबवाली ताई बाहेर आली. "अकरा मिळाली हो! आता तरी हसा."

"चौदा," तिच्याच आवाजात खिडकी म्हणाली. ताईचं तोंड मिटलेलंच होतं.

सतराव्या चिमट्यानंतर खिडकीने सुस्कारा सोडला. "बीजं संपली. आता टेबलावर उरलेली बाकीची बाई मोजायला घेते. एक."

माझ्या डाव्या पायाचा अंगठा मला जाणवेना.

प्रति, लॅबप्रमुख: मोजणी इथेच थांबवून उर्वरित अर्जदार नवऱ्यासोबत घरी पाठवावी, ही नम्र विनंती.